तुझा खोकला, त्यांचा गॅस

आये, तुला जाऊन वीस वर्षं झाली आणि आता तुझा खोकला छापून येतोय. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये बसून मी एका परदेशी गॅस कंपनीचे अहवाल लिहिते. ही मंडळी तिकडच्या समुद्राखालून गॅस काढतात, थंड करून त्याचं पाणी करतात आणि जहाजं भरभरून आपल्यासारख्यांना विकतात. त्यांच्या किनाऱ्यालगत प्रवाळाचे खडक आहेत, मासळीची वस्तीच म्हण. समुद्र तापला की ते पांढरे पडतात, तापलेलाच राहिला की मरतात. कंपनी म्हणते, गॅस आम्ही जाळत नाही, घेणारे जाळतात, त्याच्याशी आमचा काय संबंध? आणि मग मोठे साहेब पाणबुड्याचा पोशाख चढवून प्रवाळाचे चार तुकडे लोखंडी जाळीला बांधतात, फोटो काढून घेतात. हवा सगळ्यांची एकच, हे कळायला पदवी लागत नाही. न कळायला मात्र लागत असावी.

मी कॉलेजात असताना एकदा पनवेलच्या बाजारात तुझ्या मासळीच्या पाटीशी बसले होते. दुपार टळलेली, बर्फ वितळलेला. एक बाई पापलेट उचलते आणि मी ठोकून देते, सकाळचंच आहे. तू तिच्या हातातून ते काढून घेतेस, कल्ला उघडून दाखवतेस. "कालची मासली हाय, बाय. नको नेऊस." ती गेल्यावर मला म्हणालीस, "लाज नाय तुला? घरी पोरांना घालनार ती." मला तेव्हा तुझाच राग आला. आलेलं गिऱ्हाईक घालवणारी अडाणी बाई, असं मनात म्हणाले.

घरी चुलीपुढे बसलीस की खोकत राहायचीस. गॅस घेऊ म्हटलं की "चुलीवरचा कालवन येगला" म्हणून गप्प करायचीस. शेवटी फुप्फुसं गेली. गॅस असता तर कदाचित वाचली असतीस, हे खरं आहे, आणि खरं आहे म्हणूनच ते खपतं. कंपनीला निर्यात वाढवायची परवानगी हवी आहे. अहवालातलं प्रवाळाचं पान अडचणीचं, म्हणून त्याच्या आधी धुराने मेलेली एक कोळीण घातली आहे. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि पुढचं पान तो भराभर उलटतो. इथले साहेब खूश. "मॅडम, क्या टच है." तुझी चूल एका खोलीत धूर करायची. हे अख्ख्या समुद्राखाली जाळ लावून बसलेत आणि तुला पुढे करतायत.

उद्या अहवाल छापायला जाईल. तुला त्यातून काढायला एक फोन पुरे. अजून केलेला नाही, आणि हे पत्र तुझ्या तसबिरीपुढेसुद्धा वाचणार नाही. तुझी गोष्ट त्यांनी मागितली नव्हती, मीच दिली. तुझ्या जागी फोटोसाठी बसवलेल्या बाईला नीट खोकता येईना, तेव्हा कसं खोकायचं तेही मीच करून दाखवलं.