लाल गाडीला नवा स्टीरिओ

७ सप्टें., रवि.
गाडीचा स्टीरिओ बदलायचं ठरलं. ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं. विसर्जनानंतर सगळं लालबाग आडवं झालंय, रस्त्यावर गुलाल आणि चपलांचा खच. मी उशिरापर्यंत झोपायचं पक्कं केलं होतं, तर बाबा आंघोळ उरकून, चावी हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात. "बाय, ह्यो रेडियो काढून टाक. मोठी स्क्रीन लाव. नकाशो दिसता तशी."
थट्टा वाटली मला. हेच ते गृहस्थ, ज्यांच्या मते कंपनीने लावलेल्या गोष्टीला हात लावणं म्हणजे पाप. आईने एकदा डॅशबोर्डवर छोटा गणपती चिकटवला तर तोही गरम पाण्याने सोडवून काढला होता, आणि वर अबोला. कॅसेट प्लेअर गेली कित्येक वर्षं नुसता खरखरतो, तरी "आसा तसो ऱ्हवांदे." आणि आज एकदम स्क्रीन?
म्हणाले, "तुका नकाशो लागता मा? वाट चुकतंस."
चुकते खरी. चेंबूरला निघाले की वाशीला पोचते. म्हणजे माझ्यासाठी! बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दिवसभर बरं वाटत राहिलं.

८ सप्टें., सोम.
पितृपक्ष लागला. बाबांचा फतवा: "काढूक हरकत नाय. नवीन लावचा नाय." म्हणजे सर्वपित्री होईपर्यंत गाडी भोक घेऊन उभी राहणार. मी म्हटलं, आई वरून बघत असेल तर तिला गाणी ऐकायलाच आवडतील. हसले नाहीत.

१४ सप्टें., रवि.
जुना स्टीरिओ काढला. सबंध सकाळ गेली. चौकटीचे स्क्रू गंजलेले, मागचा वायरींचा कपलर निघता निघेना. दारांतल्या स्पीकरचा कागद हात लावताच भुगा होऊन मांडीवर पडला. बाबा पोडियम पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून "हळू, हळू" करत होते. गाडीशेजारून जाणारा प्रत्येक जण थांबतो. एवढ्या मोठ्या एसयूव्हींच्या रांगेत ही बुटकी, लाल, दोन सीटची. लहान मुलांना ती खेळण्यातलीच वाटते.
बाबा कामाला होते ते परळचं गॅरेज बंद झालं तेव्हा शेठने ती मेलेल्या अवस्थेत बाबांना देऊन टाकली होती. इंजिन जाम, पत्र्याला भोकं. चाळीच्या मागच्या पत्राशेडमध्ये मी आणि बाबांनी ती उभी केली. मी तेव्हा डिप्लोमाला होते. सगळं वायरिंग माझं. धाकट्या भावाला, नितीनला बोलावलं तर म्हणायचा, "मला नको बाबा, हात काळे होतात." पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी बाबा सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "ही माझ्या चेडवाची गाडी!" चाळ गेली, टॉवर आला, पण पार्किंगमध्ये आजही चाळीतले तावडेकाका तिला "तुझी गाडी" असंच म्हणतात.

१८ सप्टें., गुरु.
कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांचं प्रॅक्टिकल घेऊन लवकर सुटले, माटुंग्याहून थेट लॅमिंग्टन रोड. मला एक छान छोटा सेट दिसला होता. जुन्या खाचेत बरोबर बसणारा, गोल बटणं, ब्लूटूथ आत लपलेलं. गाडीचं तोंड बिघडलं नसतं. दुकानातून बाबांना फोटो पाठवला.
उत्तर लगेच. "ह्यो नको." आणि पाठोपाठ दुसऱ्याच सेटचा फोटो, मोठ्ठी स्क्रीन, मागचा कॅमेरा, सगळं. "ह्योच व्हयो."
बाबा आणि स्क्रीनचा फोटो शोधणार? घरी आल्यावर विचारलं, कुणी दिला हा?
"ग्रुपार इलो."
त्यांच्या ग्रुपवर सुप्रभात आणि गुडघेदुखीवरचे काढे येतात. पण सोडून दिलं. म्हातारा हौसेने काही मागतोय तर कशाला उलटतपासणी.
तोच आणला.

२४ सप्टें., बुध.
रजा टाकली. घटस्थापना झाली, त्यामुळे आता मुभा.
डॅशबोर्ड कापला.
स्क्रीन जुन्या खाचेत मावतच नाही. खाच आणि खालचा छोटा कप्पा यांच्या मधली पट्टी उडवावी लागते. एकदा कापली की गेली, असा डॅशबोर्ड आता जगात कुठे बनत नाही. पातं पट्टीवर टेकवलं आणि परत उचललं. बाबांना म्हटलं, अजून विचार करा, परत जोडता येणार नाही.
"काप," म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.
प्लास्टिक कापताना जळका वास येतो. कडा कानशीने साफ केल्या, वर काळी पट्टी दिली. काम चांगलं झालंय. माझ्या हातचं म्हणून नाही, खरंच चांगलं झालंय.

२८ सप्टें., रवि.
रागातच लिहितेय.
सकाळी सगळं जोडून झालं. नवे स्पीकर, कॅमेरा, एरियल. माझा मोबाईल वर चार्जिंगला, म्हणून बाबांचा जोडून बघितला. बाबा शेजारच्या सीटवर, गुडघे पोटाशी घेऊन, नवं खेळणं मिळाल्यासारखे. स्क्रीनवर बोट लावतायत, नकाशा पुढे-मागे करतायत. तेवढ्यात रिंग. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत नितीन.
मी म्हटलं, हिरवं दाबा, बघू कसा येतो आवाज. त्यांनी दाबलं.
नितीन गाडीभर: "बाबा, बसवली का स्क्रीन? मी पाठवलेलीच ना? हे बघा, ट्रेलरवाला पुढच्या रविवारी येतोय, बेंगलोरला आणायची जबाबदारी त्याची. ताईला सांगितलंत का? नसेल सांगितलं तर राहू दे, आधी सगळं काम होऊ दे तिच्याकडून, नाहीतर उगाच अर्धवट टाकेल."
बाबा लाल बटण शोधत होते. घाईत आवाजच वाढवला त्यांनी. शेवटचं वाक्य तर पार्किंगच्या पार टोकापर्यंत गेलं असेल. तिकडे गाडी पुसणाऱ्या तावडेकाकांनी मान वर केली.
मग मी फोन कापला.
बाबा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आवाज साफ येता."
एवढंच. आवाज साफ येता.

२९ सप्टें., सोम.
रात्रभर आशा होती की सकाळी बोलतील. चहा घेतला, पेपर वाचला, आंघोळीला गेले. मीच विचारलं शेवटी. ओरडलेच.
म्हणे, "तुका गाडी कित्याक व्हयी? तू हयच आसंस."
म्हटलं, याचा अर्थ काय?
"तू हयच आसंस. तो येणा नाय. आवस गेल्यापासून किती येळा इलो? गाडयेक तरी येतलो. घेवक येतलो, मगे सर्विसिंगाक येतलो, काय बिघाड झालो तर माका फोन करतलो."
म्हणजे मी गळाला लावायचं आमिष तयार करत होते. माझ्याच हातांनी, माझीच गाडी कापून. आणि तेही त्याने निवडलेल्या स्क्रीनसाठी. वाट चुकतंस म्हणे!
मुलगा नाही म्हणून डावललं असतं तर निदान भांडता आलं असतं. हे तर मी इथे आहे म्हणून. औषधं आणते, डॉक्टरकडे नेते, रोज समोर ताट ठेवते, म्हणून मला काही द्यायची गरजच नाही. जो लांब आहे त्याला द्यायचं.
एवढं सगळं बोलता आलं नाही. "मला विचारायचं तरी होतं," एवढंच म्हटलं आणि कॉलेजला निघून गेले. लॅबमध्ये मुलांवर विनाकारण खेकसले.

१ ऑक्टो., बुध.
बोलणं बंद. भाजी काय करू ते सुद्धा विचारत नाही, वाढते. काल त्यांनी माझ्यासाठी पेरू आणले. तसेच ठेवलेत टोपलीत.

२ ऑक्टो., दसरा
खाली जायचं नव्हतं. तावडेकाकू न्यायला आल्या, "वर्सासणाचो दिवस, चल गो." टॉवरमध्ये सगळे जुने चाळवाले, दसऱ्याला गाड्यांची पूजा एकत्रच होते आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, बाबांकडेच असतं. त्यांचा आवाज लागतो तसा कुणाचा लागत नाही.
लाल गाडीला झेंडूचा हार होता, नव्या स्क्रीनला कुंकू. बाबांनीच लावलं असणार, बोट पुसल्याचा डाग काचेवर राहिलाय. नारळ ठेवला. हात जोडले.
"बा देवा म्हाराजा!"
सगळे: "व्हय म्हाराजा!"
"आज दसऱ्याच्या दिवसाक ह्यो नारळ तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"ह्या गाडयेक खयची नजर लागूक देव नको रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
इथे थांबले. वाटलं, आता माझं नाव घेतील, सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून घेतील. दरवर्षी घेतातच, "माझ्या चेडवाक राखण कर."
"ही गाडी माझ्या झिलाच्या दारात सुखरूप पोचव रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
मीही म्हटलं. सगळ्यांबरोबर, तेवढ्याच जोरात. लहानपणापासून जिभेला वळण आहे, "रे म्हाराजा" ऐकलं की आतून निघतंच. म्हणून झाल्यावर कळलं मी काय म्हटलं ते. तावडेकाका माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात जोडलेले होते, पण बोलले नव्हते.

३ ऑक्टो., शुक्र.
सकाळी मीच अबोला सोडला. म्हटलं, गाडी मी देणार नाही. चावी माझ्याकडे आहे, राहील.
बाबा शांतपणे म्हणाले, "देवाफुडे व्हय म्हटलंस."
हे मात्र अपेक्षित नव्हतं. स्क्रीनचं खोटं मी एक वेळ गिळलं असतं. म्हातारपण, मुलाची ओढ, समजते मला, दगड नाही मी. पण माझ्या तोंडून चुकून गेलेला शब्द त्यांनी उचलून ठेवला आणि माझ्यावरच चालवला. ज्या माणसाने मला गाऱ्हाण्याला "व्हय" म्हणायला शिकवलं, मांडीवर बसवून, त्याने.
"ते देवाला म्हटलं, तुम्हाला नाही," असं काहीतरी बोलून गेले. मला तरी पटतंय का ते?

४ ऑक्टो., शनि.
नितीनचा फोन. मला नाही, त्यांना. हल्ली बाबा फोन गॅलरीत जाऊन घेतात. आत आले तेव्हा चेहरा उतरलेला. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं.
नितीन ट्रेलरबरोबर येणार होता, तो येत नाहीये. काम निघालं. ट्रेलर तेवढा येईल, "चावी त्याच्याकडे द्या" म्हणाला.
आता तरी नाही म्हणा, असं मी म्हणाले. जवळजवळ विनवलंच. ज्यासाठी केलंत तेच होत नाहीये, बाबा.
"ह्या येळाक नाय तर फुडच्या येळाक येतलो."
पांढरा सदरा इस्त्रीला टाकला होता त्यांनी, नितीन येणार म्हणून. संध्याकाळी सदरा आला. मीच कपाटात ठेवला.

५ ऑक्टो., रवि.
ट्रेलर आलाय. गल्लीत लावलाय, मागे ट्रॅफिक तुंबलंय, लोक शिव्या घालतायत. बाबा सकाळपासून खाली आहेत, तो पांढरा सदरा घालून. कुणासाठी घातलाय देव जाणे.
ट्रेलरवाल्याने विचारलं, "चाबी किसके पास है?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. हात पुढे केला नाही, "दी" म्हटलं नाही, नुसतं बोट. तावडेकाका मध्येच म्हणाले, "अरे, गाडी तिची ना?"
मी म्हटलं, आणते. आणि वर आले.
चावी समोर टेबलावर आहे. हे लिहिते आहे. खालून हॉर्न वाजतोय, दोनदा वॉचमनने इंटरकॉम केला. बाबांनी एकदाही हाक मारलेली नाही. गॅलरीतून बघितलं, तर खुर्चीवर आरामात बसलेत, ट्रेलरवाल्याला हाताने "थांब, येईल" सांगतायत. खात्री आहे त्यांना. मी इथेच तर असते.
गॅसवर चहा ठेवलाय. एकाच कपाचा.