झूम नसलेला कॅमेरा

९ मार्च

प्रिय ताई,

तू बरी असशील. मी बरी आहे. तुझा नवा नंबर कुणाकडेच नाही. हा पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसातून मिळवला.

नंबर बदलण्याआधीचा तुझा शेवटचा निरोप होता, "वर्षभर पगार साठवून घेतलं काय, तर झूम नसलेला कॅमेरा! घरातली पहिली पदवीधर, अक्कल गहाण टाकून आली." आईला वाचून दाखवला. पोट धरून हसली.

उत्तर द्यायचं राहिलंय. पैसे त्या एकाच भिंगाचे आहेत, ताई. शिलाई मशीनच्या दिव्यात, फ्लॅशशिवाय, सुईतला दोरासुद्धा स्वच्छ येतो. ज्यांचे फोटो कुणी काढत नाही अशा कष्टकरी बायकांचे मला काढायचे होते. सुरुवात घरातून केली. फोन धरला की आई ओठांतल्या टाचण्या काढायची आणि चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट करायची. हा कॅमेरा वाजतच नाही. तिला कळायचंही नाही.

ती तुझा कोट शिवत होती. तू तिच्याशी भांडून गेलीस तेव्हा नुसता कापून ठेवलेला, तोच. माप माझ्यावर घ्यायची आणि "थोरलीचे खांदे रुंद" म्हणत बोटभर कापड सोडायची. मध्येच दम लागायचा, भिंतीला टेकायची. मी म्हणायची, "तिला शोधून कळवू?" टाचण्यांमधूनच उत्तर यायचं, "कोट होऊ दे, मीच बोलावीन. आजारी म्हणून बोलावली तर ती डॉक्टरच्या सांगण्यावरून येईल. मला तशी नको."

आज हे सगळं कॅमेऱ्याबद्दलच लिहायचं ठरवलं होतं. जमत नाही.

आई गेली, ताई. मंगळवारी सकाळी.

सोबत आदल्या दिवशीचा फोटो आहे. बटण लावताना ती मान तिरकी करून कोटाकडे बघते आहे, तू आत उभी असल्यासारखी. ओठांत टाचण्या आहेत, तरी हसते आहे. कोट झालाय, शेवटचं बटण सोडून. सुई तशीच टोचलेली आहे. मी काढलेली नाही.

या कॅमेऱ्यात लांबचं माणूस जवळ ओढता येत नाही. आपणच चालत जावं लागतं. मी पत्त्यापर्यंत आले. उरलेलं तू चल.

कोट अंगात घालून उभी राहा एकदा. बटण मी लावीन.

तुझ्यापेक्षा बोटभर अरुंद खांद्यांची,
धाकटी