साडूच्यापेक्षा जाड कुसू

३ मार्च, रविवार
साडूकडे जाऊन आलो. त्याने स्वतःच्या हाताने लिहायचं टेबल केलंय. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. सगळे सांधे कुसवाचे. म्हणजे आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात, आणि ती पायाच्या खाचेत ठोकून बसवायची. त्यात काय एवढं! पण आमची लेक त्या टेबलाशी बसली ती निघेपर्यंत उठली नाही. परीक्षेचा अभ्यास इथेच येऊन करू का, असं काकांना विचारलंन. सख्खा बाप समोर उभा असताना.

मला मत्सर वाटत नाही. पोटात दुखलं ते जेवण जड झालं म्हणून.

४ मार्च
निश्चय. परीक्षेच्या आत लेकीला टेबल करून देणार. तीस इंच उंच, ऐसपैस. हिला सांगितलं. ही म्हणाली, आधी न्हाणीघराची कडी बसवा. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
लाकूड आणलं. करवत, पटाशी, रंधा, हातोडी आणली. गॅलरीतले हिचे कपडे हलवून कारखाना थाटला. व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, कुसू पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवा. साडूने किती ठेवलंय कोण जाणे. सांधा बसला की आतलं काही दिसत नाही. हीच तर लबाडी आहे.

१० मार्च, रविवार
साडूकडे सहज गेलो. पेन पडल्याचं निमित्त करून टेबलाखाली शिरलो. टेप खिशात होता. सांध्यात नख जाईल एवढीही फट नाही. फार वाईट वाटलं. तेवढ्यात साडूही खाली वाकला आणि पेन शोधू लागला. शेवटी विचारलंच. एक तृतीयांश, म्हणाला. अगदी मोकळेपणाने. या माणसाचा मोकळेपणाच मला सहन होत नाही.

तो एक तृतीयांश? मग मी दोन तृतीयांश! कुसू दुप्पट जाड म्हणजे टेबल दुप्पट मजबूत. साधं गणित आहे.

१६ मार्च
पहिलं कुसू ठोकलं. पाय उभा चिरला. जाड कुसवाला खाचही रुंद लागते आणि दोन्ही बाजूंना लाकूड पापडाएवढं उरतं, हे दाढीवाल्याने नीट सांगितलं नाही. लाकूडही दुकानदाराने नरम दिलेलं दिसतंय. हरकत नाही. चिरलेलं टोक कापलं. चारही पाय सारखे हवेत म्हणून सगळेच कापले. सव्वीस इंच. पट्ट्यांवरही नवी कुसवं काढली, त्यामुळे त्या जरा आखूड झाल्या. सव्वीस इंचांवर मान उलट कमी दुखते.

सासूबाईंचा हिला फोन. धाकट्या जावयाचं टेबल पाहून आल्या म्हणे. पंधरा मिनिटं तेच. मी मुद्दाम जोरजोरात रंधा मारला.

२३ मार्च
कुसू आता निम्म्या जाडीचं. जाडीत थोडी माघार घेतली, म्हणून ते लांब केलं. एका पायाला दोन बाजूंनी दोन पट्ट्या येतात. दोन्ही खाचा खोल खणल्या. एकीत बोट घातलं तर ते दुसरीतून बाहेर. पायाची बासरी झाली. लेक हसली. मीही हसलो, पण वेगळ्या कारणाने. बावीस इंच.

ही म्हणाली, अहो, भाऊजींना एकदा बोलवा की. सुट्टीच्या दिवशी जेवलो नाही.

३० मार्च
सावधगिरी म्हणून कुसू अगदी बारीक काढलं. अलगद बसलं! फारच अलगद. खाचेत पुठ्ठा कोंबला. लेकीने हौसेने पुस्तकं ठेवली. तीनच. कुसवं काडीसारखी मोडली आणि टेबल गुडघ्यांवर बसलं. लेक पुस्तकं उचलून आत गेली. मला रडू आलं. डोळ्यांत भुसा गेला होता, पण रडूही होतं.

६ एप्रिल
स्वतंत्र विचार करून या निष्कर्षाला आलो की कुसू एक तृतीयांशच असावं. काढलं. खणलं. ठोकलं. बसलं! हलवून पाहिलं, वर उभा राहिलो. ढिम्म हललं नाही. उंची अठरा इंच. लांबी, आता पट्ट्या जेवढ्या उरल्या तेवढी. ही कडेने फिरून बघत होती. म्हणाली, छान आहे, पण लिहिणार कसं?

७ एप्रिल, रविवार
परीक्षा उद्या. सकाळी साडू टेम्पो घेऊन हजर. त्याने स्वतःसाठी नवीन टेबल केलंय, म्हणून जुनं माझ्या लेकीला. जुनं! लेकीने ते खिडकीशी लावून घेतलं, माझं टेबल ओढून त्याच्यापुढे ठेवलं, त्यावर बसली आणि अभ्यासाला लागली. उंची अशी जमली, जणू मापाने केलंय. बाबा, स्टूल मस्त झालंय, म्हणाली. मनापासून म्हणाली, हे सगळ्यात वाईट.

चहा घेताना साडूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, दादा, मनाला लावून घेऊ नका, माझ्याही पहिल्या टेबलाचं स्टूलच झालं होतं. म्हणजे फसण्यातही हा माझ्या आधी! आणि त्याचं वीस इंचांचं झालं होतं म्हणे.