स्क्रीनची डावी बाजू

९ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास,

आईचे खूप आशीर्वाद.

तू फोन नंबर बदललास, पण पत्ता तेवढा कळवलास. म्हणजे अगदीच तोडून टाकलं नाहीस, असं मी समजते आणि हे पत्र टाकते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याची आता सवय झाली. ड्रायक्लीनच्या दुकानात अजून जाते, अल्टरेशनचं सगळं काम माझ्याच गळ्यात आहे. नव्या मालकिणीला साधं काज करता येत नाही, सूचना मात्र भरपूर करता येतात.

आता कामाचं. तुझ्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. कुठलं घ्यावं ते कळव.

हसू नकोस. कॉम्प्युटर मी विकलेला नाही. तो मी वापरतही नाही. तुझे बाबा वापरतात.

अगदी खरं. बसच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झाल्यावर सुरुवातीला ते नुसते गॅलरीत उभे राहायचे आणि खालून जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचे. "हा बघ, इंडिकेटर न देता वळला. याला लायसन्स कुणी दिलं?" मग एकदा तुझ्या खोलीतला पंखा पुसायला म्हणून गेले ते बाहेरच येईनात. जाऊन बघते तर तुझं ते खेळातलं स्टिअरिंग टेबलाला लावून बस चालवताहेत! बसचा गेम आहे म्हणे त्यात. स्टॉप येतो, दार उघडतं, माणसं चढतात, आणि बाबा त्यांना "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून ओरडतात. जेवायला हाक मारली की म्हणतात, "थांब गं, डेपोत लावून येतो."

गेमच्या ऐन स्पर्धेत ज्यांनी तुझ्या मशीनची वायर उपटली, ज्यांच्यामुळे तू घर सोडलंस, तेच हे. वाचून तुला राग येईल हे मला कळतं. मलाही आधी आला होता. पण घरात आवाज असतो, तेवढं बरं वाटतं.

तर अडचण अशी आहे की हल्ली स्क्रीनच्या डाव्या बाजूचं चित्र नीट उमटत नाही, असं ते म्हणतात. डावीकडची गाडी आधी दिसतच नाही, एकदम बसवर येऊन आदळते. मग चिडतात, तुझ्या मशीनला शिव्या घालतात. खाली कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुलगी आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, "कार्ड फार जुनं आहे काकू, नवे गेम त्याला झेपत नाहीत. चित्र अडकत असेल." तिने कार्डांची नावं सांगितली, पण ती सगळी आकडेच आकडे. मला काही बोध झाला नाही. फार महागाचं नको, आपल्याला परवडेल असं सांग.

बाकी ठीक. बाबांची तब्येत उत्तम. जरा वेंधळे झालेत, एवढंच. परवा दाढी करून आले तर एका गालाची तशीच राहिलेली! मी हसले तर म्हणाले, "केली की." ताटात डावीकडे वाढलेलं ठेवून देतात आणि वर मलाच विचारतात, आज कोशिंबीर का नाही केली म्हणून. दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतात. वय झालं, दुसरं काय.

कार्डाचं लवकर कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई

१६ मार्च

चि. खुडबुड्या,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाठपोट भरून लिहिलंस, पण सगळं कार्डाबद्दल. बाबा हा शब्द कुठे सापडतो का ते मी दोनदा शोधलं. असो. लिहिलंस हेच पुष्कळ.

मी ते त्यांना वाचून दाखवलं. पॉवर सप्लाय जुना आहे, म्हणून वेगळी वायर न लागणारं, बोर्डावरूनच वीज घेणारं कार्ड घ्या. नुसता मेमरीचा आकडा बघून भुलू नका. प्रोसेसर जुना आहे, तेव्हा फार ताकदीचं कार्ड घालून उपयोग नाही, ते नुसतं बसून राहील. सेकंडहँड घेतलंत तर पंख्याचा आवाज ऐका. जुन्या स्क्रीनची वायर नव्या कार्डाला लागणार नाही, मध्ये लावायची जोडणी आणा. बाबा मान डोलावत ऐकत होते. म्हणाले, "परत वाच ते, पॉवर सप्लायचं." परत वाचलं. मग म्हणाले, "कारट्याला कळतं सगळं." तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

तू सांगितलंस तसंच घेतलं, एका पंख्याचं, लहानसं. खालच्या मुलीनेच येऊन बसवलं. जुनं कार्ड काढलं तेव्हा त्याच्या पंख्यात धुळीचा नुसता गालिचा. नवं आत सरकवलं, टक् असा आवाज झाला, ती म्हणाली, "बसलं." मशीन सुरू केलं आणि काय सांगू तुला! झाडांना पानं आली. आधी हिरवे गोळे होते. बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "अगं, रस्ता ओला दिसतोय! पाऊस पडून गेलाय!" तुझ्या लहानपणी तुला नवी सायकल आणली होती तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता.

त्यांनी बस काढली. आम्ही दोघी मागे उभ्या. पहिल्याच चौकात डावीकडून एक मोठा लाल ट्रक येत होता. चांगला लांबून दिसत होता. मला दिसत होता, त्या मुलीला दिसत होता. बाबा सरळ गेले आणि धडकले.

"बघितलंस? हेच ते," बाबा चिडले. "आलाच कुठून हा? तुझं नवं कार्डसुद्धा तसलंच."

ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, ट्रक दिसत होता."

"कुठे?"

तिने फोनने स्क्रीनचा फोटो काढून दाखवला. त्यात पुन्हा डावी बाजू त्यांना दिसेना. मग मी त्यांची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली. लहान मुलाची वळवतात तशी. तेव्हा त्यांना ट्रक दिसला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

मुलगी बिचारी सामान गोळा करून निघून गेली. मला वाटलं, ते घाबरले असतील, डोळ्यांचं काहीतरी झालं म्हणून. मी म्हटलं, "उद्या डॉक्टरकडे जाऊ, चष्मा बदलेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "तो सायकलवाला होता गं. तो तिथे होता."

हे तुला मी कधी कळवलं नव्हतं. तू गेल्यावर, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, त्यांच्या बसखाली एक सायकलवाला आला होता. घरं रंगवणारा माणूस, कामावर निघालेला. मागच्या चाकाखाली पाय गेला, पुढे तो कापावा लागला. तो म्हणत होता, मी रस्त्याच्या कडेने सरळ चाललो होतो. बाबा म्हणत होते, तो गल्लीतून अचानक आला. बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांना तो खरंच अचानक दिसला होता. चौकशी बसली. इतक्या वर्षांत ज्याच्या गाडीला ओरखडा नाही, त्या ड्रायव्हरचा शब्द धरला गेला. रंगाऱ्याला बेफिकीर ठरवलं, भरपाई नाकारली. आणि बाबांच्या निरोप समारंभात सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तपासण्या झाल्या. डोळे ठणठणीत आहेत. डोक्यात गाठ आहे, उजव्या बाजूला, खोल. म्हणून डावीकडचं जग त्यांच्यापुरतं नाहीसं होतं. गेलंय हेसुद्धा त्यांना कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गाठ बरीच जुनी असावी असंही म्हणाले.

मागच्या पत्रात मी हे सगळं वेंधळेपणावर घातलं होतं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं की तसं वाटून घ्यायचं होतं, आता सांगता येणार नाही.

तुझी,
आई

२ मे

चि. बाळा,

तुझं पत्र आलं. डॉक्टरांबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. लिहिलंस ते असं, की स्क्रीनची वायर सैल असेल, स्क्रीनच जुना झाला असेल, रुंद स्क्रीन पाठवतो, सुट्टीत आलो की मशीन बघतो. मशीनला काही झालेलं नाही रे. कार्ड तू अगदी योग्य निवडलंस. आता बदलण्यासारखं काही उरलेलं नाही.

ऑपरेशन करणार नाहीत. गाठ अशा जागी आहे की हात लावला तर आत्ता आहेत तेवढेही राहणार नाहीत. गोळ्या चालू आहेत, त्यांनी सूज उतरते, गाठ नाही.

मध्ये काय झालं ते सांगते. बाबांनी हट्टच धरला, रंगाऱ्याकडे जायचं. मी खूप अडवलं. शेवटी डेपोतल्या जुन्या कंडक्टरकडून पत्ता काढला आणि गेलो. तळमजल्याची एक खोली, भिंतीला कुबड्या टेकवलेल्या. एवढा रंगारी, पण खोलीला कित्येक वर्षांत रंग नाही. त्याने ओळखलं लगेच. बसा म्हणाला. तो पलंगावर बसला आणि बाबा समोरच्या खुर्चीवर, पण जरा तिरके. बाबा बोलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं की ते भिंतीशी बोलताहेत. तो माणूस त्यांच्या डावीकडे पडला होता. मी उठून खुर्ची फिरवली. रंगारी बघतच राहिला.

बाबांनी सगळं सांगितलं. तू कडेनेच चालला होतास, मीच तुला बघितलं नाही, मला दिसतच नव्हतं.

त्याने एक कुबडी ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाला, "माझी आई जाईपर्यंत मला म्हणायची, जरा बघून चालवली असतीस तर. बायको अजून म्हणते. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं, आलोच असेन मी गल्लीतून."

बाबा रडायला लागले. तो नाही रडला. एवढंच म्हणाला, "हे लिहून द्याल? बसच्या ऑफिसात?"

आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो, तो कुबड्या घेऊन आमच्याबरोबर आला. साहेब वाईट नव्हते, खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बाबांचं ऐकून घेतलं, मग रिपोर्ट मागितले. ते वाचून फाइल मिटली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, यांच्या मेंदूत गाठ आहे. आता यांना जे आठवतंय ते झालंच असेल कशावरून? हा जबाब कोण धरणार?" मी डॉक्टरांकडून लिहून आणते म्हटलं. डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "जुनी असावी असं मी म्हटलं, पण अपघाताच्या दिवशी होती आणि तेव्हाच नजर गेली होती, असं मी सहीनिशी लिहू शकत नाही. कुणीच लिहू शकणार नाही."

म्हणजे ठणठणीत दिसत होते तेव्हा चुकीचं बोलले ते खरं धरलं, आणि आता खरं बोलताहेत तर ते आजाराचं धरतात.

रंगाऱ्याला हे सांगायला मी एकटीच गेले. दारातच उभा राहून त्याने ऐकलं. "बरं," म्हणाला. "मग काकांना परत आणू नका इकडे. माझ्या जरा कुठे अंगवळणी पडलं होतं." आणि दार लावून घेतलं. मला त्याचा राग आला नाही. कशाच्या जोरावर येणार?

बाबा त्यानंतर तुझ्या खोलीत गेले नाहीत. मशीनवर मी चादर घातली आहे. दिवसभर पलंगावर असतात. बोलतात ते बहुतेक त्या अपघाताच्या चौकाबद्दल. त्या सकाळी कुठल्या स्टॉपवर कोण चढलं, सिग्नल कसा होता, सगळं सांगतात आणि मग थांबतात. त्यांना वाटतं आणखी एकदा पहिल्यापासून सांगितलं तर तो दिसेल. मी ऐकते. नाही कशी म्हणू?

तुझी आठवण काढतात असं मी लिहिणार होते. पण तुला खोटं कशाला कळवू? तुझं नाव निघत नाही. तुमचं जे काही राहिलं होतं ते बोलून मिटवण्याइतकी त्यांच्यात आता जागा शिल्लक नाही, आणि तू येऊन माफी मागशील किंवा ते मागतील, असं काही माझ्या मनात नाही. त्याची वेळ गेली. सुट्टीत येतो म्हणतोस, पण डॉक्टर इतक्या लांबचं बोलत नाहीत.

परवा मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून एका हाताने औषध मोजत होते. ते इकडे तिकडे बघत होते. मग हाक मारली, "अगं, कुठे गेलीस?" मी त्यांचा हात हातात धरला होता रे. तरी विचारत होते.

तुला ये म्हणत नाही. पण आलासच, तर पलंगाच्या उजव्या बाजूने ये. डावीकडून आलास तर तू आला होतास हे त्यांना कळायचंही नाही.

तुझी,
आई