तो कबूल झाला होता

बाई,

परवा माझ्या सत्कारात कुणीसं म्हणालं, ‘ह्या बोलायला लागल्या की दगडालाही पाझर फुटतो.’ टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला! तुम्ही समोर असतात तर नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत, आणि मला तेवढं पुरलं असतं.

डोंबिवलीच्या आपल्या शाळेत पाचवीला मुली मिळत नव्हत्या तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात तुम्ही मला घेऊन ठाकुर्लीकडची घरं पालथी घालायचात. मी नवी शिक्षिका, विशीतली, तोंडाचा पट्टा अखंड सुरू. शिक्षणाचं महत्त्व, स्वतंत्र देश, काय काय! तुम्ही मात्र ओटीवर बसून भाताचं विचारता, म्हशीचं विचारता, शाळेचं नाव नाही. मी आतल्या आत धुसफुसते. मग घरची बाईच बोलते, ‘पोर शालंन गेली त धाकट्याला कोन संबालल?’ तुम्ही म्हणता, ‘त्यालाही आणू दे. बसेल कोपऱ्यात.’ झालं, मुलगी शाळेत. परतताना तुम्ही मला झापलंत, ‘अगं, तुला वाद जिंकायचाय की मुलगी आणायचीय?’ फार राग आला होता मला तुमचा. घरी जाऊन मी जेवलेसुद्धा नाही.

पुढे तुम्हाला ताप आला, म्हणून खाडीकडच्या त्या मिठागरातल्या माणसाकडे मी एकटी गेले. त्याची मुलगी चौथीत पहिली आलेली. तुमचा तिच्यावर फार जीव. येऊन मी सांगितलं, बाप अडाणी आहे, ऐकतच नाही. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन गेलं होतं. ‘मीच जायला हवं होतं,’ असं तुम्ही कितीदा म्हणालात, आणि मी दर वेळी तुमची समजूत काढली. लाज वाटते मला त्याची.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. बाई, तो कबूल झाला होता. मी तुमच्यासारखंच त्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि तो आपणहून म्हणाला, ‘बरं बाय, धारतो पोरीला शालंन.’ दाराआड मुलगी हसली. तेवढ्यावर मी उठायचं होतं. पण मला राहवेना. म्हटलं, ‘शिकली म्हणजे तुमच्यासारखं मिठात पाय कुजवत बसणार नाही.’

त्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले आणि मुलीला आत जायला सांगितलं.