विहिरीच्या पाण्याचा वास

डिंगोरे, मंगळवार, जेवणं उरकल्यावर

आज सासऱ्यांनी पाण्याचा दुसरा पेला मागितला. सोनलकडे मागितला, माझ्याकडे नाही.

उन्हाळ्यापासून आमच्या विहिरीच्या पाण्याला गंधकाचा वास येत होता. मोटार दुरुस्त करायला आलेला मिस्त्री म्हणाला, "शेठ, नासक्या अंड्यावानी लई घाण मारतंय राव!" आमच्या जैन घरात अंडं हुंगलंय कुणी? सासूबाईंनी तर कानावर हात ठेवले. ब्लीचिंग पावडरीला मीच नको म्हटलं, पाण्यातले जीव मरतात. आईने घरी शिकवलेलं, पाणी गाळायचं आणि गाळायच्या फडक्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडायचे. लग्न होऊन आल्यापासून ते काम माझं, आणि प्यायचं पाणी हातात देणंही माझंच.

मग सोनलने, माझ्या धाकट्या जावेने, टाकीच्या तोंडाशी भोकं पाडलेली बादली टांगली. पाणी उंचावरून धारांनी पडतं आणि वास वाऱ्यावर उडून जातो. जीव मारणारं औषधही टाकावं लागत नाही. मला बोलायला जागाच ठेवली नाही तिने.

"हिचं डोकं बघा!" सासूबाई म्हणाल्या. मग मी इतके दिवस गाळत होते ते? मी पेला पुन्हा पुन्हा हुंगला. वास यावा म्हणून हुंगला, हे खरं. किती वाईट आहे मी! पण दुसरा पेला तरी माझ्याकडे मागायचा.

आत्ता सोनल येऊन गेली. "भाभी, पाणी गाळायचं मला नीट जमत नाही. शिकवता?"

उद्या शिकवते म्हटलं. शिकवायचं नाहीये मला.