यानेकाझे, नगर आवृत्ती

नागापूर,
५ जानेवारी २०२५

ती. सुरेखाताईस कल्याणचा शि. सा. न.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे तेवढे थंडीत कुरकुरतात. फोन करत नाही, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. घरच्या ग्रुपवर टाकावं तर खर्ड्याच्या मामांपर्यंत सगळ्यांचे अंगठे येतात आणि वाचत कुणीच नाही.

बातमी मोठी आहे. १९९० साली आपल्या वरच्या खोलीत आठ महिने राहिलेले हायाशीसाहेब आठवतात ना, इथल्या कारखान्यात प्रेस बसवायला आलेले? त्यांच्या टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर आपण 'यानेकाझे', म्हणजे 'छपरावरचा वारा', खेळायचो. काठीवाला चोर कौलांवरून पळतो, उड्या मारतो, पहारेकऱ्यांना लोळवतो, तो खेळ. आता जपानातसुद्धा तो कुणाला ठाऊक नाही. पण जगभरातल्या चाळीसेक वेड्यांचं एक मंडळ आहे, ते असे विसरलेले खेळ शोधून काढतात. दोन वर्षांपासून मीही त्यात आहे.

खेळ एका जातीच्या मशीनवरून दुसऱ्या जातीच्या मशीनवर नव्यानं लिहिला, की त्याला पोर्ट म्हणतात. यानेकाझेचे अकरा पोर्ट सापडलेत. एकात चोर नखशिखान्त हिरवा आहे. एकात पडदा आपल्या जामखेड एसटीसारखा गचके खात सरकतो. एकात चोराची काठीच गायब, तो नुसता हात हलवून पहारेकऱ्यांना टाटा करतो आणि ते मरतात.

आता बारावा सापडलाय, आपल्या शाळेतला! शाळेच्या भंगारातली फ्लॉपी पुण्याच्या एका हौशी माणसाच्या हाती लागली. पडद्यावर माझं नाव आहे, 'कल्याण, अहमदनगर, १९९१'. मंडळानं मला शोधून काढलं, मुलाखत घेतली. अहमदनगर आणि अहिल्यानगर ही दोन गावं नव्हेत, हे समजावण्यात मुलाखतीचा निम्मा वेळ गेला. मी काम करतो त्या वर्कशॉपचे लोक माझा सत्कार करायचं म्हणतायत. तू आणि दाजी यालच.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या बातमीनं वाढावा.
तुझा,
कल्याण

राहुरी,
१३ जानेवारी २०२५

चि. कल्याण यास ताईचे अनेक आशीर्वाद. थोर संगणकमहर्षी कल्याणराव यांना वेगळा साष्टांग नमस्कार.

मुलाखत वाचली. मशीननं केलेल्या मराठीत तुला 'छप्पर वाऱ्याचा पिता' म्हटलंय. दुकानात युरिया मोजता मोजता वाचत होते. हे विचारायला लागले, रडतेयस का हसतेयस. मी म्हटलं, भावाला उशिरा अपत्य झालंय.

तू सांगितलंयस की चार महिने तू आलेखाच्या वहीवर चोराची एकेक चौकट रंगवलीस. अरे बाबा, तुला दहावीत आलेखावर सरळ रेघ मारता येत नव्हती, ती मी मारून द्यायचे. तू म्हणतोस, मुख्याध्यापकांनी कपाटातला तो एकुलता एक कॉम्प्युटर तुझ्यावर सोपवला होता. तुझ्यावर त्यांनी फक्त चपला सोपवल्या होत्या, कारण त्या खोलीत चपला काढून जायचं असे आणि बाहेर कुणीतरी राखण बसायचं असे.

स्पष्ट लिहिते, म्हणजे जपानी लोकांनाही भाषांतर करायला सोपं जाईल. तो खेळ मी लिहिला. हायाशीसाहेब मशीन घेऊन परत गेले, तुझा चेहरा पडला, म्हणून बारावीचा अभ्यास सोडून मी तो आठवून आठवून शाळेच्या मशीनवर उतरवला. तू खेळून बघायचास आणि ओरडायचास. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मला कांजिण्या झाल्या, खेळ दाखवायला तू एकटा गेलास, आणि पहिल्या पडद्यावर नाव टाकून आलास. इंग्रजीत तुझ्या नावाची सहाच अक्षरं, त्यातही एक चुकलं होतंस.

सत्काराला यायला जमणार नाही. तूर आली आहे. हार मात्र झेंडूचा घे, गुलाबाचा तुझ्या गळ्यात शोभत नाही.

आईला नमस्कार सांग. माया आहे, पण सध्या जरा घुश्शात आहे.
ताई

नागापूर,
२१ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र मी गच्चीवर जाऊन वाचलं, बायकोला दाखवलं नाही. तू जे लिहिलंस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मी मुद्दाम काही केलं नाही गं. पडद्यावर नाव माझंच होतं, त्यांनी मलाच गाठलं, आणि पहिल्याच प्रश्नाला मी 'हो' म्हणून गेलो. मग पुढचे सगळे 'हो' त्याच्या मागोमाग आले. चौतीस वर्षांत माझ्याशी एवढ्या आदरानं कुणी बोललं नव्हतं. वर्कशॉपात मला सगळे 'ए पाना' म्हणून हाक मारतात.

आता खरी अडचण सांगतो. नऊ फेब्रुवारीला दुपारी मंडळाची ऑनलाइन सभा आहे. त्यांना एकाच गोष्टीचं आश्चर्य वाटतंय. बाकी अकराही पोर्टांत, मूळ जपानी खेळातसुद्धा, चोराचा पाय कौलावरून सुटला की तो मेला. आपल्यात मात्र पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते. ते म्हणतात, एवढ्या आधी, नगरसारख्या ठिकाणी, ही बुद्धी कुणाला सुचली? ते मी समजावून सांगायचं आहे. मी फ्लॉपीतला मजकूर उघडून पाहिला. देवाशपथ, एक ओळ कळली नाही.

तू दोन पानं लिहून धाडशील का? मी तुझा उल्लेख करीन. 'भगिनीचे बहुमोल सहकार्य' असं शेवटी म्हणेन.

राग मानू नकोस असं म्हणवत नाही, कमी मान.
कल्याण

राहुरी,
३० जानेवारी २०२५

चि. कल्याण यास आशीर्वाद.

'भगिनीचे बहुमोल सहकार्य' वाचून मी पत्र ह्यांना दाखवलं. ह्यांनी विचारलं, तू कॉम्प्युटर शिकली होतीस का? लग्नाला चौतीस वर्षं झाली. दुकानाचं बिलाचं मशीन अडलं की श्रीरामपूरहून माणूस येतो, आणि तो येण्याआधी मीच ते चालू करून ठेवते, तर ह्यांना वाटत होतं की मशीनला त्या माणसाचा धाक आहे.

तुझं उत्तर घे. शाळेचं मशीन जपानी मशीनपेक्षा हळू होतं. बटण दाबलेलं त्याला उशिरा कळायचं. पडद्यावर चोर अजून कौलाच्या कडेला दिसायचा, पण मशीनच्या लेखी तो खाली निघालेला असायचा. त्यामुळे वेळेवर उडी मारूनही माणूस मरायचा. तू सोळा वर्षांचा घोडा, रोज मरायचास आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायचास की ताई, मी दाबलं होतं गं. म्हणून मी मशीनला सांगितलं, पाय सुटला तरी पापणी लवेपर्यंत ह्याला पडू देऊ नकोस. ह्यात बुद्धी नाही. रडका भाऊ आहे. हे जसंच्या तसं वाच.

आता तू न विचारलेलंही लिहिते. त्या संमेलनात आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर तुझं नाव, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. घरी येऊन आप्पा म्हणाले, पोराचं डोकं संगणकात चालतंय, त्याला पुण्याला धाडायचं. तुला डिप्लोमाला पाठवलं. तू वर्षभरात सगळ्या विषयांत नापास होऊन परत आलास आणि हातात पाना घेतलास. मी मात्र संमेलनानंतरच्याच मे महिन्यात लग्न होऊन राहुरीला आले. कांजिण्यांचे वण अजून गेले नव्हते, लग्नाच्या फोटोत दिसतात बघ.

तेव्हा तू एक वाक्य बोलला असतास तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित आप्पांनी मलाही पाठवलं नसतं. पण ते वाक्य तू बोलला नाहीस, आणि आता पुन्हा बोलला नाहीस. पहिल्यांदा तू लहान होतास, ते मी माफ केलं होतं. आता तू पन्नास वर्षांचा आहेस.

सभेत काय वाचायचं ते तुझं तू ठरव.
ताई

नागापूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

काल सभा झाली. खोटं कशाला लिहू? मी तुझं उत्तर माझं म्हणूनच वाचायला बसलो होतो. 'रडका भाऊ' हे शब्द बदलून 'एक खेळाडू' केले होते. इस्त्रीचा शर्ट घातला होता. वर्कशॉपचा काकासाहेब दुभाष्या म्हणून शेजारी. त्याचं इंग्रजी माझ्याहून वाईट, पण आवाज मोठा.

अर्ध्यापर्यंत सुरळीत चाललं. मग ओसाकाच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं की इतक्या वेळा पडणारा तो खेळाडू कोण होता, त्याचे आभार मानायला हवेत. काकासाहेब आपल्या मनानंच इंग्रजीत 'ही, ही' म्हणत माझ्याकडे बोट दाखवायला लागला. त्या बाई म्हणाल्या, म्हणजे पडणारेही तुम्हीच आणि झेलणारेही तुम्हीच? मला पुढचं वाचता येईना. कागदावरची तुझी अक्षरं दिसत होती. मी म्हटलं, पडणारा मी. झेलणारी माझी बहीण सुरेखा. खेळ तिचा आहे, नाव मी ढापलं. 'ढापलं'ला इंग्रजी शब्द काकासाहेबाला सुचेना, म्हणून तो जोरात 'थीफ, थीफ' म्हणाला. त्यांना वाटलं तो खेळातल्या चोराबद्दल बोलतोय. ते नीट कळायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मी चाळीस लोकांसमोर पुन्हा पुन्हा चोर ठरत होतो.

मला वाटलं, शिव्या घालतील. पण नाही. तुझा पत्ता विचारला, तू आणखी काही लिहिलंयस का विचारलं, आणि मी अजून पडद्यावर आहे हे विसरूनच गेले.

इकडे सत्काराचा फ्लेक्स आधीच छापून आलाय, माझा हसरा फोटो, खाली 'नगरचे भूषण'. वर्कशॉपवाल्यांना खरं सांगितलं. त्यांनी माझ्या नावावर कागद चिकटवून तुझं नाव लिहिलं. फोटो माझाच आहे. आता चौकात मिशीवाली सुरेखा लटकते आहे.

ताई, आप्पांना मी तेव्हा सांगायला हवं होतं. पुण्यात पहिल्या पेपरालाच मला ते कळलं होतं. परत येऊन सांगावं तर तुझं लग्न झालेलं. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच.

तुझी माया मागत नाही, वाट बघतो.
कल्याण

राहुरी,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याण यास आशीर्वाद.

ओसाकाच्या बाईंचं पत्र आलं, ईमेलवर. त्या स्वतः तरुणपणी अशाच खेळांच्या कंपनीत होत्या, पण त्यांचं नावही कुठल्या पडद्यावर नाही. आम्ही दोघी मशीनच्या भाषांतरातून भांडतो आहोत. त्यांच्या मते माझा तिसरा टप्पा फार सोपा आहे. मला पटलेलं नाही.

खेळांच्या यादीत काय लिहायचं, हे मंडळानं मला विचारलं. मी कळवलं, लेखन सुरेखा, खेळून तपासणी कल्याण. तपासणी तू खरंच केलीस, ती तुझी आहे. इंग्रजी स्पेलिंग मी स्वतः घातलंय.

हे आता गिऱ्हाइकांना सांगतात की आमच्या घरात जपानी संगणक आहे. परवा एकानं येऊन त्याच्यावर भुईमुगाचा भाव विचारला.

तुझी माफी पोचली. तिचं काय करायचं ते मी सावकाश ठरवीन, घाई करू नकोस. पण एक काम राहिलंय. आप्पा गेले. आई आहे. चौतीस वर्षं ती येईल जाईल त्याला सांगते आहे की माझ्या कल्याणनं खेळ बनवला होता. चाळीस परक्यांसमोर बोललास, ते सोपं होतं. आता तिच्यासमोर बसून बोल.

फ्लेक्स काढा. मिशी मला शोभत नाही.
ताई

नागापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न.

सकाळी आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. सगळं ऐकलं, शेंगा फोडणं थांबवलं नाही. मग म्हणाली, मला ठावं हाय. पोरगी चार महिनं चुलीम्होरं वही घिऊन बसायची, ते काय मला दिसत न्हवतं व्हय?

मी विचारलं, मग तू आप्पांना का सांगितलं नाहीस. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, सोयरीक जमली हुती. तुझ्या बापानं एकदा ठरीवलं की ठरीवलं. म्हनलं, पोरीला कळलं की आई बोलू शकत हुती आन बोलली न्हाई, तर तिला लई लागंल. त्यापरीस तुझंच नाव घेत बसले. घेता घेता खरं वाटाया लागलं.

मी म्हटलं, हे ताईला पत्रात लिहितो. तर म्हणाली, तू काय बी लिहू नगंस. तरी लिहिलंच, कारण तुला कळवल्याशिवाय तिचं तिकडे येणं होणार नाही. गुडघ्यांमुळे तीन वर्षं ती गल्लीच्या बाहेर गेलेली नाही. पुढच्या मंगळवारी, ४ मार्चला, अकराच्या गाडीनं राहुरीला यायचं म्हणते. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाली, हे माझं मला बोलायचं हाय.

स्टँडवर घ्यायला ये. पायरी उंच असते, हात दे.
कल्याण